निपाणीत एक प की दोन? पतसंस्थेसाठी डॉट इन आणि डॉट भारतचं नाव कसं ठरवावं

सीमाभाग_सचिव

नमस्कार. शेतकऱ्यांच्या एका पतसंस्थेसाठी वेबसाइटचं नाव घ्यायचंय. मुख्य कार्यालय निपाणीत, शाखा चिकोडी, संकेश्वर, खानापूर आणि बेळगावात. सभासद निम्मे मराठी, निम्मे कन्नड वाचणारे. संचालक मंडळाचं म्हणणं असं की इंग्रजी अक्षरांत एक (डॉट इनखाली), देवनागरीत एक आणि कन्नड लिपीत एक (ही दोन डॉट भारतखाली), अशी तीन नावं घ्यावीत.

अडचणी अशा. निपाणी इंग्रजीत लिहिताना काही कागदांवर एक पी आहे, काहींवर दोन. चिकोडीचंही तेच, एक के की दोन के. संस्थेच्या नोंदणीकृत नावात ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द आहे. तो देवनागरीत टाइप करून शोधला तर ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर ‘उपलब्ध’ दाखवतो आणि दुसऱ्यावर ‘अवैध नाव’. अक्षरं दोन्हीकडे डोळ्यांना हुबेहूब तीच दिसतात.

शिवाय डॉट इन, को डॉट इन, ऑर्ग डॉट इन यांतलं कोणतं घ्यावं? बँकांना आता बँक डॉट इन मिळतं असं ऐकलं, पतसंस्थेला मिळेल का? आणि साइट करून देणारा माणूस म्हणतो ‘नाव मी माझ्या खात्यात घेऊन ठेवतो’. तसं चालेल का?

---

नेमसर्व्हर_नाना

सचिवसाहेब, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच सगळ्यात महाग पडतं. नाही, चालणार नाही. का ते खाली सविस्तर लिहितो. त्याआधी झोन, म्हणजे नावाच्या शेवटचा डॉट इन, को डॉट इन असा भाग, समजून घ्या.

पत्त्याच्या शेवटी येणारं देशाचं दोन अक्षरी टोक कुठून येतं? आयएसओ ३१६६-१ या यादीत प्रत्येक देशाला दोन अक्षरी संकेत दिलेला असतो. इंटरनेटने स्वतःची यादी केलीच नाही, हीच उचलली. १९९४ सालच्या आरएफसी १५९१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) हे धोरण लिहून ठेवलंय: देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवणं आमचं काम नाही, आयएसओची यादी ज्याला संकेत देईल त्याला टोक मिळेल. दोन अक्षरं देशांना, तीन किंवा जास्त अक्षरं बाकीच्यांना. अपवाद आहेत. ब्रिटनचा आयएसओ संकेत जीबी, पण ते वापरतात यूके. देश मोडला की टोकही जातं. युगोस्लाव्हियाचं वाययू २०१० मध्ये मुळातून काढलं गेलं. आपलं ‘इन’ १९८९ पासून आहे, आणि २००५ पासून त्याची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंदवही, निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया सांभाळते.

२००५ च्या धोरणाने दोन दारं वेगळी केली. थेट डॉट इन खाली, तसंच को, नेट, ऑर्ग, जेन, फर्म आणि इंड या उपझोनखाली कुणीही नाव घेऊ शकतं. जो आधी येईल त्याचं. को डॉट इन घेताना कंपनीचा दाखला मागत नाहीत आणि ऑर्ग डॉट इन घेताना धर्मादाय नोंदणी मागत नाहीत. ‘ऑर्ग आहे म्हणजे विश्वासू संस्था’ हा सभासदांचा समज चुकीचा आहे, तो पसरू देऊ नका. दुसरं दार राखीव झोनचं. गव्ह डॉट इन आणि निक डॉट इन सरकारी कार्यालयांना एनआयसी या सरकारी संगणक केंद्रामार्फत, एसी डॉट इन, एज्यु डॉट इन आणि रेस डॉट इन शिक्षण-संशोधन संस्थांना अर्नेट या शैक्षणिक नेटवर्क संस्थेमार्फत, मिल डॉट इन लष्कराला. तिथे पात्रतेची कागदं लागतातच. बेळगाव जिल्ह्याची सरकारी साइट निक डॉट इन खाली आहे आणि विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाची एसी डॉट इन खाली, ती याच कारणाने.

एक गोष्ट लोक विसरतात. डॉट इन, को डॉट इन आणि ऑर्ग डॉट इन खालची एकाच शब्दाची नावं म्हणजे तीन स्वतंत्र मालमत्ता. एक घेतलं म्हणून बाकीची तुमच्यासाठी कुणी राखून ठेवत नाही. पुढे निक्सीने कॉम डॉट इन, को-ऑप डॉट इन असे आणखी झोन उघडले. म्हणजे को डॉट इन आणि कॉम डॉट इन या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या पत्त्यांवर दोन वेगळे मालक बसू शकतात. पैसे हाताळणाऱ्या संस्थेने मुख्य पत्ता थेट डॉट इनवर ठेवावा, को डॉट इन बचावासाठी घ्यावा. एवढं पुरतं. सगळे झोन विकत घेत सुटलात तर दरवर्षी नूतनीकरणाचा खर्च वाढतो आणि कुठल्या तरी वर्षी एखादं नाव विसरून सुटतं. एकदा वापरात असलेलं नाव सोडून देणं हे ते कधीच न घेण्यापेक्षा वाईट.

---

लिपी_आणि_कोड

नानांनी झोन सांगितले, मी अक्षरांचं सांगते. दोन कॉम्प्युटरवर दोन उत्तरं आली हे अगदी बरोबर आहे, कारण तुम्ही दोन वेगळी नावं शोधलीत.

‘शेतकऱ्यांची’ मधला अर्धा र, म्हणजे ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ मध्ये येतो तो, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिली: ऱ (यू+०९३१), मग हलन्त (यू+०९४डी), मग य. इन्स्क्रिप्ट कळपाटावर (कीबोर्डवर) शिफ्ट धरून र ची कळ दाबली की हा ऱ येतो. दुसरी: साधा र (यू+०९३०), हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य चिन्ह (यू+२००डी), मग य. बरेच फोनेटिक कळपाट हे दुसरं करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, छापलं तरी सारखेच. पण डीएनएसच्या, म्हणजे नावावरून साइट शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, लेखी हे दोन शब्द वेगळे, आणि युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची रीत) त्यांना एक करत नाही.

पुढे आणखी वाईट होतं. इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतल्या नावांचे नियम म्हणजे आयडीएनए. त्याच्या जुन्या २००३ च्या पद्धतीत ब्राउझर झेडडब्ल्यूजे गाळून टाकायचा. तो गळला की उरतं र + हलन्त + य, म्हणजे रफार: ‘शेतकर्यांची’. हा मराठीत चुकीचा शब्द आणि डीएनएसमध्ये तिसराच पत्ता. आयडीएनए २००८ हलन्तानंतरचं झेडडब्ल्यूजे ठेवायला परवानगी देतं, पण रजिस्ट्रीने ते स्वीकारलंच पाहिजे असं बंधन नाही. जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनच्या मूळ स्तरावरच्या (टोकांसाठीच्या) देवनागरी नियमांत तर झेडडब्ल्यूजेला जागाच नाही. एका कॉम्प्युटरवर ‘अवैध’ आलं ते बहुतेक त्या अदृश्य चिन्हामुळे.

माझा सल्ला स्पष्ट आहे: डोमेनमध्ये ‘शेतकऱ्यांची’ नकोच. ‘शेतकरी’ घ्या. वेबसाइटचं नाव नोंदणी प्रमाणपत्राची नक्कल असायला हवं असा कुठलाही नियम नाही. सभासदाच्या फोनवर कोणता कळपाट आहे हे तुम्ही ठरवू शकत नाही. पण तो कसाही टाइप करो, एकच कोड तयार होईल असा शब्द निवडणं तुमच्या हातात आहे.

असाच सापळा ‘ॲ’चा. ‘ॲग्रो’ मधला ॲ हा एक वर्ण आहे, यू+०९७२. पण अ (यू+०९०५) आणि वरचा अर्धचंद्र (यू+०९४५) असे दोन वर्ण जोडूनही डोळ्यांना तेच दिसतं. ‘ऑ’चंही असंच, यू+०९११ किंवा आ अधिक अर्धचंद्र. हीसुद्धा आपोआप एक होत नाहीत. म्हणून ‘ॲग्रो’, ‘ऑइल’, ‘ऑफिस’ असे शब्द देवनागरी डोमेनमध्ये शक्यतो टाळावेत. ळ ची काहीच अडचण नाही, तो यू+०९३३, बिनधास्त वापरा.

आता गावांची नावं. ‘बेळगाव’ म्हणजे सहा वर्ण: ब, एकारमात्रा, ळ, ग, काना, व. ‘बेळगांव’ म्हणजे सात, मध्ये अनुस्वार वाढला. जुन्या पाट्यांवर अनुस्वार आहे, आजच्या प्रमाणलेखनात नाही. डीएनएसला शुद्धलेखनाचे नियम माहीत नसतात, त्यामुळे ही दोन स्वतंत्र नावं. ‘निपाणी’चं देवनागरीत ठीक आहे, मराठीत एकच प. पण कन्नड लिपीत ते ‘निप्पाणी’ असं प ला प जोडून लिहितात, आणि चिकोडी ‘चिक्कोडी’ होते. इंग्रजीत दोन पी, दोन के येतात ते या कन्नड रूपावरून. म्हणजे तुमच्या कागदांवरचं एकही स्पेलिंग चूक नाही, एक मराठी उच्चारावरून उतरलंय, दुसरं कन्नडवरून. दोन्ही भाषांचे सभासद आहेत ना? मग इंग्रजी अक्षरांतली दोन्ही रूपं घ्या आणि एकाला मुख्य करा. कन्नड लिपीतलं नाव मात्र कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून अक्षर अन् अक्षर तपासून घ्या. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशा दोन वेगळ्या मात्रा आहेत, आपल्याकडे एकच. मराठीवरून अंदाजाने लिहिणारा हमखास दीर्घ देतो. ‘बेळगावी’ला ऱ्हस्व लागते.

‘बेळगाव’ इंग्रजीत लिहिणार असाल तर १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी रूप बेळगावी झालं, पण आधीची नावं धरून असलेले पत्ते जसेच्या तसे चालू आहेत. गावाचं नाव बदललं म्हणून डोमेन रद्द होत नाही. नवीन नावात शक्यतो शहराचं नाव घालूच नका. शाखा वाढल्या की ते तोकडं पडतं.

---

सीमाभाग_सचिव

ताई, फार मोलाचं सांगितलंत. ‘शेतकरी’ घेतो. मग डॉट भारतमध्ये मराठीसाठी वेगळं आणि हिंदीसाठी वेगळं असं काही असतं का? आणि कन्नड डॉट भारत घेतलं की देवनागरीचं आपोआप मिळतं का?

---

लिपी_आणि_कोड

दोन्हींचं उत्तर नाही.

देवनागरी डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि ते आठ भाषांना मिळून एकच आहे: हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो, सिंधी. ‘शेतकरी’ या शब्दाला हिंदी स्पर्धक सहसा मिळणार नाही, पण ‘जनता’, ‘विकास’, ‘प्रगती’ अशा शब्दांना मिळेल. तिथे मराठी माणसाला वेगळी रांग नाही. म्हणूनच अस्सल मराठी शब्द निवडण्यात फायदा आहे. ‘किसान’पेक्षा ‘शेतकरी’ सुटा मिळण्याची शक्यता जास्त.

कन्नड लिपीतलं भारत हे वेगळं टोक आहे. तिथलं नाव कन्नड लिपीतच हवं, देवनागरी टोकाखालचं देवनागरीतच. एका नावात लिप्यांची भेसळ चालत नाही. 0123 असे इंग्रजी आकडे आणि हायफन तेवढे चालतात. एकात घेतलं म्हणून दुसऱ्यात मिळत नाही, दोन नोंदण्या, दोन नूतनीकरणं.

आत काय चालतं तेही बघा, म्हणजे पुढे कुणी वेगळाच पत्ता दाखवला तर घाबरायला नको. डीएनएस आजही इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच वाहून नेतं. त्यामुळे देवनागरी नावाचं प्युनिकोड नावाच्या रीतीने रूपांतर होतं. त्याची सुरुवात एक्स, एन आणि दोन हायफन अशी. खुद्द ‘भारत’ हे टोक आत ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं राहतं. साइटचा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की हेच रूप बाहेर येतं आणि सभासद म्हणतात ‘ही फसवणुकीची लिंक आहे’. गटात पाठवायचा पत्ता इंग्रजी अक्षरांतलाच असू द्या, देवनागरी पत्ता छापील कागद, पासबुक आणि भिंतीसाठी.

लांबीची मर्यादा: दोन टिंबांमधल्या एका तुकड्याला ६३ चिन्हं. ती देवनागरी अक्षरांना नाही, प्युनिकोड झाल्यानंतरच्या रूपाला मोजतात. ‘निपाणीतालुकाशेतकरीसहकारीपतसंस्था’ असं सलग लिहिलंत तर मर्यादेजवळ जाल आणि वाचणाऱ्यालाही ते नकोसं होईल. दोन शब्द, फार तर तीन.

---

सहकार_कायदा

बँक डॉट इनबद्दल. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं. त्याची नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापलेल्या तंत्रसंस्थेमार्फत होते. नागरी सहकारी बँका, राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांत आहेत. पतसंस्था नाही. इतर आर्थिक संस्थांसाठी फिन डॉट इन आणण्याचं त्याच वेळी जाहीर झालं होतं. त्याची पात्रता वाचूनच अर्ज करा, दलालाच्या शब्दावर नको.

याहून महत्त्वाचं म्हणजे डोमेनमध्ये कुठल्याही लिपीत ‘बँक’ हा शब्द घालू नका. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ७ प्रमाणे बँक नसलेल्या संस्थेला बँक, बँकर, बँकिंग हे शब्द नावात वापरायला मनाई आहे आणि २०२० च्या दुरुस्तीने सहकारी संस्थांवर हे अधिक घट्ट झालं. ‘लोक बोलताना बँकच म्हणतात’ हा बचाव उपयोगाचा नाही. पतसंस्था, पत, सहकारी हे शब्द घ्या. कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदणी असेल तर सौहार्द घ्या, तो शब्द इकडच्या लोकांना ओळखीचा आहे.

फक्त सहकारी संस्थांसाठीचं जागतिक डॉट को-ऑप २००१ पासून आहे. तिथे सहकारी असल्याचा पुरावा मागतात, म्हणून त्याला वजन आहे. पण आपल्या भागातल्या ग्राहकाला ते ओळखीचं नाही.

नाव दुसऱ्याने आधी घेतलं असेल तर? डॉट इन आणि डॉट भारतसाठी आयएनडीआरपी हे वाद निवारणाचं धोरण आहे. निक्सीकडे तक्रार जाते, लवाद नेमला जातो, आणि तो नाव रद्द करू शकतो किंवा तुमच्याकडे वळवू शकतो. भरपाई मिळण्याची वाट ही नव्हे. तीन गोष्टी तुम्हाला दाखवाव्या लागतात: समोरचं नाव तुमच्या नावाशी किंवा चिन्हाशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, त्याचा त्या नावावर हक्क किंवा रास्त संबंध नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं. तिन्ही लागतात, एकाने भागत नाही. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात मान्य केलंय, त्यामुळे दिवाणी न्यायालयाचाही रस्ता आहे.

पण पतसंस्थांच्या बाबतीत दुसऱ्या अटीवर तक्रारी पडतात, हे नीट समजून घ्या. आपल्याकडे देवांची, संतांची, छत्रपतींची नावं दहा गावांतल्या दहा संस्थांना असतात. हुक्केरी तालुक्यातल्या त्याच नावाच्या संस्थेने डोमेन आधी घेतलं असेल तर तिचा हक्क तुमच्याइतकाच खरा. तिथे ‘आमची संस्था जुनी’ हे सांगून भागत नाही. अशा सामाईक नावाला गावाचं किंवा कामाचं नाव जोडून सुरुवातीपासून वेगळं घेणं हाच मार्ग. या एका बाबतीत मी ताईंशी सहमत नाही: शहराचं नाव टाळा म्हणणं एरवी ठीक, पण संस्थेचं नाव सार्वजनिक देवाचं असेल तर गाव जोडल्याशिवाय ओळख उभीच राहत नाही.

आणि कर्नाटकात फलकावर ६० टक्के कन्नडचा नियम आहे तो फलकांचा. डोमेनच्या धोरणात राज्याची भाषा हा निकषच नाही. देवनागरी डोमेनला त्यामुळे कसलीही अडचण नाही. तोच पत्ता दुकानाच्या पाटीवर रंगवाल तेव्हा पाटीचा नियम लागेल, एवढंच.

---

लिपी_आणि_कोड

मान्य. देवाचं नाव असेल तर गाव जोडा. मी शाखा विस्ताराच्या अंगाने बोलत होते. जोडताना गावाचं लेखन वरच्यासारखं तपासून घ्या म्हणजे झालं.

---

नेमसर्व्हर_नाना

आता नोंदणी. साइट करणाऱ्याच्या खात्यात नाव का नको ते इथे कळेल.

रजिस्ट्रीच्या नोंदीत ‘रजिस्ट्रंट’ म्हणून ज्याचं नाव तो मालक. बिल कुणी भरलं याने फरक पडत नाही. उद्या तो माणूस गाव सोडून गेला, भांडण झालं, किंवा त्याचा फोन नंबर बंद पडला, तर नूतनीकरणाची सूचना तुमच्यापर्यंत येणारच नाही. म्हणून आधी संचालक मंडळाचा ठराव करा: कोणती नावं, किती वर्षांसाठी, अधिकार कुणाला. निक्सीच्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांच्या (नावं विकणाऱ्या कंपन्यांच्या) यादीतून रजिस्ट्रार निवडा. सगळेच डॉट भारत विकत नाहीत, आणि तिन्ही लिप्यांची नावं एका खात्यात असली तर सांभाळणं सोपं जातं. खातं संस्थेच्या नावाने उघडा. रजिस्ट्रंटच्या संघटनेच्या रकान्यात नोंदणी प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच नाव, स्वल्पविरामासकट. केवायसीला संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि अधिकृत व्यक्तीचं ओळखपत्र तयार ठेवा. नावात फरक पडला तर पडताळणी अडते, आणि अडलेलं नाव ‘होल्ड’ वर गेलं की साइट आणि ईमेल दोन्ही एका क्षणात बंद. सर्व्हर धडधाकट असतो, पण नावच सुटत नाही. अशा वेळी लोक होस्टिंगवाल्याशी दोन दिवस भांडत बसतात. आधी हूइज (डोमेनची सार्वजनिक नोंद) उघडून स्टेटस बघा.

मालकी लपवण्याची प्रायव्हसी सेवा डॉट इनला चालत नाही. कुणी ती विकत असेल तर घेऊ नका.

संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. हा दोष मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो सहज टाळता येतो. डोमेन संपलं की त्यावरचा ईमेल बंद, ईमेल बंद म्हणजे ‘तुमचं डोमेन संपतंय’ ही सूचना आणि पासवर्ड बदलण्याची लिंक दोन्ही त्या बंद पेटीत. वेगळ्या सेवेवर संस्थेच्या नावाची पेटी उघडा, तिचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

मुदत एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. मुख्य नाव पाच वर्षांचं घ्या. पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे पाहू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस साध्या दरात देतो. ते दिवस रजिस्ट्रारप्रमाणे बदलतात, त्यावर विसंबू नका. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात नाव परत मिळतं पण मोठ्या दंडाने. मग ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’, तेव्हा कुणालाच काही करता येत नाही. सहाव्या दिवशी नाव बाजारात.

आधीच दुसऱ्याच्या खात्यात गेलं असेल तर: त्याच्याकडून ट्रान्सफर लॉक काढून ऑथ कोड (नाव हलवण्याचा गुप्त संकेत) घ्या, आणि संस्थेच्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर सुरू करा. नवीन नोंदणीला पहिले ६० दिवस ट्रान्सफर होत नाही, तेव्हा घाईत ‘आत्ता त्याच्या खात्यात घेऊ, उद्या आपल्याकडे आणू’ असं करू नका.

तीन-चार नावं झाली की एकच मुख्य. बाकी सगळी ३०१ ने (कायमचं वळवण्याच्या संकेताने) त्याच्याकडे वळवा. वळवलेल्या प्रत्येक नावालाही टीएलएस प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीचं, एचटीटीपीएसचं) लागतं, नाहीतर वळण्याआधीच ब्राउझर लाल पाटी दाखवतो. देवनागरी नावाचं प्रमाणपत्र मागताना त्याचं प्युनिकोड रूप द्यायचं. शाखांसाठी नवी डोमेन घेऊ नका. मुख्य नावाच्या डावीकडे चिकोडी, संकेश्वर असे उपडोमेन फुकट आणि हवे तेवढे होतात. त्यांना वाइल्डकार्ड (सगळ्या उपडोमेनना मिळून एकच) प्रमाणपत्र घ्याल तर ते एकाच पायरीपुरतं चालतं; शाखेच्या खाली आणखी उपडोमेन काढलं तर त्याला लागू नाही.

---

सहकार_कायदा

नाना, ईमेलचं राहिलं. पतसंस्थेच्या नावाने बनावट मेल पाठवणं हा खरा धोका आहे.

---

नेमसर्व्हर_नाना

बरोबर. ईमेल फक्त इंग्रजी अक्षरांतल्या मुख्य नावावर. देवनागरी ईमेल पत्त्याचं मानक, आरएफसी ६५३१, २०१२ पासून आहे, पण वाटेतला प्रत्येक सर्व्हर ते बोलत असावा लागतो आणि असंख्य ऑनलाइन फॉर्म असा पत्ता ‘चुकीचा’ म्हणून परत करतात. कर आणि सहकार खात्याच्या पोर्टलवर तो देऊन अडकू नका.

ज्या नावांवर मेल नाही त्यांचीही नोंद करायची असते, हे बहुतेक जण सोडून देतात. दोन पीचं निप्पाणी, को डॉट इन, दोन्ही डॉट भारत, या प्रत्येकावर तीन नोंदी: एसपीएफमध्ये फक्त ‘-ऑल’ म्हणजे इथून कुणालाच मेल पाठवण्याचा अधिकार नाही, डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’ म्हणजे या नावाने आलेला बनावट मेल नाकारा, आणि एमएक्समध्ये प्राधान्य ० देऊन पुढे नुसतं टिंब, म्हणजे इथे मेल घेतलाच जात नाही. या नसतील तर बचावासाठी घेतलेलं नावच फसवणाऱ्याच्या हातात हत्यार होतं.

---

सीमाभाग_सचिव

सगळं टिपून घेतलं, मंगळवारच्या बैठकीत ठराव मांडतो. एक शेवटचं: भिंतीवर देवनागरी पत्ता रंगवताना पेंटर विचारतोय, मध्ये टिंब द्यायचं की मराठीतला उभा दंड?

---

लिपी_आणि_कोड

टिंबच. इंग्रजी पूर्णविरामाचं, तळाला, दोन्ही बाजूंना जागा न सोडता. दंड (यू+०९६४) ब्राउझरला टिंब म्हणून कळत नाही, तो नावाचाच भाग समजून शोध चुकतो. फोनवरच्या मराठी कळपाटात टिंबानंतर पुष्कळदा आपोआप जागा पडते, तीही सभासदांना काढायला सांगा. आणि पेंटरला ‘शेतकरी’तल्या र ला दीर्घ वेलांटी आहे हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या; भिंतीवर ती ऱ्हस्व झाली तर पत्ता दुसराच होईल.